कात्रीसाठी केलेलं मासिक

परवा लॉफ्टमधले खोके खाली काढले तर एका खोक्यात लेकीच्या ए-लेव्हलच्या, म्हणजे इंग्लंडमधल्या अकरावी-बारावीच्या, वेळचा सगळा पसारा निघाला, कलर प्रिंटआउट, पेन्सिलने काढलेले ले-आऊट, रंगांच्या पट्ट्या आणि सगळ्यात खाली 'स्मॅश हिट्स' या ब्रिटिश पॉप मासिकाचा १९८५ सालचा एक फाटका अंक. मग काय, आवराआवर राहिली बाजूला आणि मी तिथेच शिडीच्या खालच्या पायरीवर बसून तासभर ते चाळत बसले. हे कधीतरी लिहायचं होतंच, कारण शाळकरी पोरापोरींसाठी पॉप म्युझिकचं मासिक कसं करावं हे पुण्यात दहा वर्षं डीटीपी करूनही मला कळलं नव्हतं, ते या फाटक्या अंकाने शिकवलं.

गोष्ट २०१२-१३ची. आम्ही तेव्हाही इंग्लंडात रेडिंगलाच होतो, लेक सोळा-सतरा वर्षांची, मीडिया स्टडीज घेतलेलं. ओसीआर बोर्डाच्या तेव्हाच्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षाला एक मोठं प्रोजेक्ट असायचं, एका नव्या म्युझिक मॅगझिनचं कव्हर, अनुक्रमणिकेचं पान आणि आतला एक डबल स्प्रेड, म्हणजे समोरासमोरची दोन पानं मिळून एक लेख, करायचा, मजकूर सगळा स्वतःचा, फोटो सगळे स्वतःचे आणि ते कमीत कमी चार, नेटवरून उचललेलं काहीही चालत नाही. त्याआधी हात बसावा म्हणून कॉलेजच्या मासिकाचं एक कव्हर करून द्यायचं. आणि सगळं झालं की काही प्रश्नांची उत्तरं लिहायची, त्यातला एक प्रश्न साधारण असा की तुम्ही वाचकाला ओढून कसं घेतलंत आणि त्याच्याशी बोललात कसं. मला तेव्हा वाटलं एकच गोष्ट दोनदा विचारलीय. तसं नाहीये. ओढून घेणं हे कव्हरचं काम आणि बोलणं हे पुढच्या सगळ्या पानांचं, आणि दुसरं जमलं नाही तर पहिलं एकदाच चालतं, पुढच्या अंकाला पोरगी येतच नाही.

लेकीने पॉप निवडलं, वाचक १३ ते १७ वयाचे. पहिलं कव्हर तिने चार दिवस खपून केलं आणि पुस्तकात सांगितलेलं सगळं त्यात होतं. गुलाबी बॅकग्राउंड, मधोमध हेडफोन घातलेली मैत्रीण, चांदणीच्या आकारात 'फ्री पोस्टर', खाली बारकोड, डावीकडे पाच ओळी. मला म्हणाली, आई, खरं सांग कसं वाटतं. मी म्हटलं, सगळं जागच्या जागी आहे गं, पण हातात घ्यावंसं वाटत नाही. तिलाही तेच वाटत होतं, फक्त कुणीतरी बोलून दाखवायला हवं होतं.

मला जे येत होतं ते मी दिलं, म्हणजे छपाईतलं. आप्पा बळवंत चौकाजवळ एका छोट्या ऑफिसात मी पेजमेकर या सॉफ्टवेअरवर दिवाळी अंक, लग्नपत्रिका, कॅटलॉग असलं सगळं लावायचे, फिल्म काढून प्रेसला न्यायचे, रात्री मशीनवर पहिला कागद येईपर्यंत उभी राहायचे. त्यामुळे मी तिला पहिल्यांदा सांगितलं ते गुलाबीबद्दल. स्क्रीनवर जो झगमगीत गुलाबी दिसतो तो कागदावर येत नाही, चार शाईंच्या छपाईत तो मळकट होतो, पण नुसती मॅजेंटा शंभर टक्के घेतली, दुसरी कुठलीही शाई न मिसळता, तर कागद कसा उजळतो बघ. आणि बारीक अक्षरं एकाच शाईत असली की रजिस्टर, म्हणजे शाया एकावर एक नेमक्या बसणं, थोडं हललं तरी कडेला भूत दिसत नाही. पोरांच्या मासिकांत ती गडद गुलाबी, ती पिवळी, ती निळी एवढी का असते याचं उत्तर थोडंफार इथेच आहे, ते नुसते आवडते रंग नाहीत, ते डब्यातून सरळ येणारे रंग आहेत. उलट चार रंगांच्या फोटोवर बारीक पांढरी अक्षरं टाकली की ती भरून जातात, वाचता येत नाहीत, आणि चौदा वर्षांची मुलगी डोळे बारीक करून वाचत बसत नाही, पान उलटते.

दुसरं म्हणजे डावी कड. दुकानाच्या रॅकमध्ये अंक एकावर एक सरकवून लावतात, बऱ्याचदा फक्त डावीकडची तिसरा हिस्सा पट्टी दिसते, तेव्हा जे नाव वाचून हात पुढे जावा असं वाटतं ते तिथे पाहिजे. तिसरं, डोकं नावाच्या वर चढवू नकोस. प्रसिद्ध मासिकं तसं करतात कारण अर्धं नाव झाकलं तरी लोक ओळखतात, तुझं मासिक आज जन्मलंय. हे सगळं तिने ऐकलं, बदललं, कव्हर सुधारलंसुद्धा. पण जीव काही येईना.

मग एका शनिवारी ऑक्सफर्ड रोडवरच्या एका चॅरिटी शॉपमध्ये जुन्या एलपींच्या खोक्यात मला तो अंक मिळाला. घरी आणून उघडला आणि पहिल्यांदा जरा वाईटच वाटलं, कारण तो धड नव्हताच. मधल्या पिना वाकवून मधलं पान काढून घेतलेलं, पिनांची टोकं तशीच उभी. एका पानावर चौकोनी खिडकी, कात्रीने नीट कापलेली, त्यातून पुढच्या पानावरचा कुणाचा तरी खांदा दिसत होता. एका ठिकाणी कात्री घाईत चाललेली, कोपरा फाटलेला. मी लेकीला म्हटलं, अगं आपल्याला याचा काय उपयोग, महत्त्वाचं सगळं तर नेलंय. आणि ती तो अंक हातात धरून बघत राहिली आणि म्हणाली, आई, म्हणजे जे महत्त्वाचं होतं ते नेलं ना.

तिथे मला लख्ख दिसलं. हे मासिक वाचून ठेवून द्यायला केलेलंच नव्हतं. कापायला केलेलं होतं. आम्ही इतके दिवस कव्हरवर डोकं घालून बसलो होतो आणि ज्या कुणा मुलीने १९८५मध्ये हा अंक घेतला तिला कव्हरशी पाचच मिनिटं देणंघेणं होतं, पुढचे पंधरा दिवस तिला हव्या होत्या त्या गोष्टी आत होत्या, आणि त्या तिने काढून नेल्या.

'स्मॅश हिट्स' मुळात निघालं तेच गाण्यांच्या शब्दांसाठी. १९७८मध्ये निक लोगनने ते सुरू केलं, हा माणूस आधी 'एनएमई'चा संपादक, म्हणजे काळ्यापांढऱ्या वर्तमानपत्री कागदावरचं, मोठ्या पोरांचं, लांबलचक लेखांचं साप्ताहिक चालवलेला. त्याने इथे उलटं केलं. रंगीत फोटो आणि चार्टमधल्या, म्हणजे खपाच्या यादीतल्या, गाण्यांचे पूर्ण शब्द, आधी दर महिन्याला आणि लवकरच दर पंधरा दिवसांनी. ब्लाँडी या बँडचा फोटो असलेला अंक त्या नोव्हेंबरमध्ये देशभर गेला. त्यातलं शहाणपण कळायला आपल्याला लांब जायला नको. माझी आई सांगलीला असताना बुधवारी रात्री बिनाका गीतमाला लावून वहीत गाणी उतरवून घ्यायची, एखादी ओळ हुकली की पुढच्या बुधवारपर्यंत जागा कोरी, ती वही मी पाहिलीय, त्यात अशा कोऱ्या जागा आहेत. टॉकीजबाहेर गाण्यांची पुस्तकं मिळायची, पातळ कागद, एकाच शाईत छापलेली, तीही ती जपून ठेवायची. ज्याला गाणं मनापासून आवडलंय त्याला ते म्हणायचं असतं आणि म्हणायला शब्द लागतात. इंग्लंडमधली पोरं रविवारी संध्याकाळी रेडिओ वनवर टॉप फोर्टी कॅसेटवर टेप करत बसायची, त्यांचीही ओळ हुकत असणारच. त्या सगळ्यांच्या वहीतली कोरी जागा भरून देणारं हे मासिक होतं. आणि हे फुकट होत नाही बरं का, प्रत्येक गाण्याच्या शब्दांना म्युझिक पब्लिशरची परवानगी लागते, त्याची बारीक ओळ शब्दांच्या खाली छापावी लागते. म्हणजे तो चौकोन हे मासिकातलं कष्टाने मिळवलेलं पान. १९८०च्या दशकाच्या शेवटी खप १० लाखांवर गेला होता.

शब्दांनंतर दुसरी गोष्ट, भाषा. मला हा भाग सगळ्यात जास्त आवडतो. या मासिकाची स्वतःची एक बोली होती, डेव्हिड बोवीला ते सरळ 'डेम' म्हणायचे, हा खरं तर इथे बायकांना मिळणारा किताब, पॉल मॅकार्टनीला 'थंब्ज अलॉफ्ट', कारण फोटोत तो कायम अंगठे वर करून. पत्रांना उत्तरं ठळक टाइपात छापलेली आणि उत्तर देणाऱ्याचं नावच 'ब्लॅक टाइप'. मी अक्षरं लावण्यात आयुष्य घालवलेली बाई, टाइपाच्या जाडीला कुणी माणूस केलेलं पाहून मला भरून आलं. वाचक मुलगी दोन-तीन अंकांत ती बोली शिकायची आणि मग शाळेत मैत्रिणींशी तशीच बोलायची, ज्यांना कळायचं त्या आपल्यातल्या. मुलाखतीत गायकाला अल्बमबद्दल विचारायचं ते विचारायचेच, पण मंगळवारचा रंग कोणता असंही विचारायचे. वरवर वेडगळ प्रश्न, पण विचार करा, अल्बमवरचं उत्तर त्या गायकाने दहा ठिकाणी पाठ म्हणून दाखवलेलं असतं, मंगळवारच्या रंगाचं उत्तर कुणाकडेच तयार नसतं, तिथे माणूस सापडतो. आणि चौदा वर्षांच्या मुलीला माणूसच हवा असतो. १९८७मध्ये या मासिकाने मार्गारेट थॅचरची मुलाखत घेतली, पंतप्रधान असताना, टॉम हिबर्टने. देशाच्या पंतप्रधानांना या पोरांशी बोलायला यावंसं वाटलं एवढा या वाचकांना मान होता. इथे काम करणाऱ्यांना पॉप किती मनापासून आवडायचं म्हणाल, तर नील टेनंट इथे सहायक संपादक होता, तो १९८५मध्ये नोकरी सोडून गेला आणि १९८६च्या जानेवारीत पेट शॉप बॉइज या त्याच्या बँडचं गाणं ब्रिटनच्या चार्टवर पहिल्या नंबरवर.

भाषेचा विषय निघालाच आहे तर 'टॉप ऑफ द पॉप्स' मासिकाचं सांगते, बीबीसीचं, १९९५ला सुरू झालेलं. स्पाइस गर्ल्सना पॉश, स्केअरी, बेबी, स्पोर्टी, जिंजर ही नावं त्यांच्या रेकॉर्ड कंपनीने दिली नाहीत, ती १९९६मध्ये या मासिकात पडली, पीटर लोरेन संपादक होता तेव्हा. स्पाइस म्हणून पानावर मसाल्यांचा रॅक आणि पाच मुलींचे चेहरे, म्हणजे एका पानाच्या ले-आऊटसाठी केलेली गंमत, आणि ती नावं जगभर गेली. लेक तेव्हा दुधावर होती. पण २०१२मध्येही तिच्या वर्गात कोण कुठली स्पाइस हे सगळ्यांना माहीत होतं!

आणि पोस्टर. पोस्टर मध्येच का, तर पिना तिथे असतात, पिना उघडल्या की मोठा सलग कागद न फाटता हातात येतो, मधे शिवण नाही. सेंटर पिनिंगचं मासिक म्हणून हे जमतं, पाठीला गोंद लावलेल्या बाइंडिंगमध्ये तेच पान ओढलं की मधोमध पट्टी खाल्ली जाते, चेहऱ्याचं नाक गायब. पोस्टरच्या पाठीमागे काय छापायचं हाही मोठा प्रश्न असतो. पाठीमागे दुसरा लाडका गायक टाकलात तर वाचकाला एकाला भिंतीकडे तोंड करून लावावं लागतं, घरात दोन बहिणी असतील तर विचारूच नका. तीच गोष्ट शब्दांच्या चौकोनाची, तो कापला की मागच्या पानालाही भोक पडतं, म्हणून मागे जाहिरात हवी, किंवा जे गेलं तरी चालेल असं काहीतरी. हे सगळं पान लावतानाच ठरवावं लागतं, फॉर्मा मांडताना, म्हणजे छपाईच्या मोठ्या कागदावर पानं बसवताना.

जर्मनीतल्या 'ब्राव्हो'ने तर याची कमाल केली. १९५६पासूनचं मासिक, तिकडच्या दोन-तीन पिढ्या त्यावर मोठ्या झाल्या. १९५९पासून ते 'स्टारश्निट' द्यायला लागले, म्हणजे दर अंकात एका स्टारचा एक तुकडा, कुणाचा पाय, कुणाचा हात, तो कापायचा, आधीच्याला चिकटवायचा, असे सगळे तुकडे जमले की भिंतीवर माणसाएवढी ब्रिजित बार्दो. पहिली तीच होती. एक अंक चुकला की गुडघाच नाही. पुढच्या अंकाची ओढ लावायला यापेक्षा चांगली युक्ती मला माहीत नाही, आणि यात वाचकाच्या हाताला काम आहे, अंकामागून अंक भिंतीसमोर उभं राहून ती मुलगी ते मासिक स्वतः पूर्ण करतेय.

आपल्याकडेही होतंच हे. कलकत्त्याहून 'स्टेट्समन' वर्तमानपत्रवाले १९६७ ते १९७७ तरुण पोरांसाठी 'जेएस', म्हणजे 'ज्युनिअर स्टेट्समन', काढायचे, मामाच्या खोलीच्या दारामागे त्याचं एक पोस्टर पिवळं पडेपर्यंत होतं. माझ्या वेळी दिल्लीचं 'सन' यायचं, मुंबईचा दादा सुट्टीत आला की आणायचा, आणि माझ्या गोदरेजच्या कपाटाच्या आतल्या बाजूला मी चित्रं चिकटवायचे. आतल्या बाजूला, कारण बाहेर बाबांना चालायचं नाही. कपाट उघडलं की कापडाचा, डांबरगोळ्यांचा वास आणि समोर ते चेहरे, अजून डोळ्यापुढे आहे.

तर लेकीने सगळं नव्याने करायला घेतलं. हेडफोन गेले. मागच्या अंगणात कपड्यांच्या दोरीवर पांढरी चादर टाकली, इंग्लंडचं ढगाळ आभाळ फोटोला फार छान असतं, सावल्या कडक पडत नाहीत, चेहरा सगळीकडून सारखा उजळतो. मॉडेल म्हणून उभी केलेली मैत्रीण खरंच शाळेच्या बँडमध्ये गायची. दोनशे फोटोंतला कव्हरवर गेला तो पोझवाला नाही, वाऱ्याने केस तोंडात आलेत आणि ती सरळ लेन्समध्ये बघून हसतेय तो. मी म्हणत होते अगं केस, लेक म्हणाली आई, केस राहू देत, माझ्या वाचकाचेही केस तोंडात येतात. बरोबर होती ती. कव्हरवरची 'खास मुलाखत' वगैरे ओळ जाऊन तिथे आला एक प्रश्न, तुझ्या फ्रिजमध्ये आत्ता काय आहे, आणि मुलाखतीत त्याचं उत्तर खरंच होतं, अर्धी लिंबं आणि आजीने पाठवलेला जॅम. 'टीन' हा शब्द तिने सगळीकडून काढला. तेराच्या मुलीला सोळाची व्हायचं असतं आणि सोळाची स्वतःला टीन म्हणवून घेत नाही, तेव्हा तो शब्द कुणासाठीच नाही.

डबल स्प्रेडवर गाण्याचे शब्द हवेत हे नक्की झालं, पण मजकूर स्वतःचा हवा, म्हणजे चार्टमधलं गाणं घेता येत नाही. मग त्या मैत्रिणीनेच आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून बारा ओळींचं गाणं लिहिलं, पोहे खाता खाता, दोन संध्याकाळी लागल्या. लेकीने तो चौकोन उजव्या पानाच्या बाहेरच्या कडेला घेतला, म्हणजे तीनच बाजू कापाव्या लागतील, आणि माप ठेवलं त्यांच्या शाळेच्या प्लॅनरच्या, म्हणजे डायरीच्या, पानापेक्षा अर्धा इंच कमी. भोवती तुटक रेघ, कोपऱ्यात छोटी कात्री. त्या रेघेचा जाडपणा ठरवायला आम्ही दोघींनी अख्खी संध्याकाळ घालवली, पाऊण पॉइंटला ती दिसेना, दीडला कुंपणासारखी वाटली, शेवटी एक पॉइंट, मॅजेंटा.

'स्मॅश हिट्स' २००६च्या फेब्रुवारीत बंद झालं, तेव्हा खप १ लाख २० हजारांच्या आसपास उतरला होता. पोरांना गाण्यांचे शब्द नेटवर मिळायला लागले, फोटो नेटवर, आणि मग सगळंच फोनवर. पण पुण्यातल्या माझ्या भाचीचा मोबाइल बघा, पारदर्शक कव्हर आणि त्याच्या आत बीटीएस या कोरियन बँडमधल्या एकाचा छोटा फोटोकार्ड, अल्बमच्या खोक्यातून आलेला, मैत्रिणीशी अदलाबदल करून मिळवलेला. तिच्याकडे त्याचे हजारो फोटो फोनमध्ये आहेत आणि फोनच्या पाठीला हा एक कागदाचा. मावशी, हात पुसून घे हं, असं मला सांगते. मी आधी हात पुसते आणि मगच तो घेते.

सबमिशनच्या आदल्या दिवशी लेकीने फायनल प्रिंट शाळेत दाखवायला नेली, जाड ग्लॉसी कागदावर, टाऊनमधल्या प्रिंट शॉपमधून काढून आणलेली, बरेच पाउंड गेले होते. संध्याकाळी आली ती धावतच, आई, परत प्रिंट काढायला लागेल, दुकान साडेपाचला बंद होतं. उजव्या पानाला खिडकी होती. ज्या मैत्रिणीने ते गाणं लिहिलं होतं तिने नव्हे, वर्गातल्या दुसऱ्याच एका मुलीने, जी त्या बँडमध्ये नव्हती आणि जिला यातलं काहीच माहीत नव्हतं, तिने कात्री घेतली आणि तुटक रेघेवरून तो चौकोन कापून प्लॅनरमध्ये लावला होता. आम्ही गाडी काढली आणि पाच वाजून वीस मिनिटांनी दुकानात पोचलो. नवी प्रिंट बोर्डाला गेली, खिडकीवाली मी त्या जुन्या अंकासोबत खोक्यात ठेवली होती, आता दोन्ही खालीच आणल्यात, टेबलावर आहेत.